फाइल सिस्टिमच्या कर्नल कोडमधला फालतू लॉक कसा काढावा: तयारीपासून पॅचपर्यंत

लॉकच्या (अनेकांनी एकदम डेटाला हात लावू नये म्हणून असलेल्या कुलपाच्या) दोन ओळी खोडायच्या, कर्नल बांधायचा, व्हीएममध्ये (आभासी यंत्रात) चार फाइली कॉपी करून पाहायच्या आणि काही बिघडलं नाही म्हणून पॅच पाठवायचा. असे पॅच बहुधा परत येतात, आणि ते बरंच होतं. लॉक चुकीचा काढला तर त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. तो पुढे कधीतरी, लोड असलेल्या सर्व्हरवर, कुणाचा तरी डेटा खराब करून दिसतो. म्हणून क्रम सोडू नका. आधी तो लॉक काय राखतो ते लिहून काढा, मग दुसरा कुठला तरी लॉक तेच काम करतोय हे यंत्राकडून वदवून घ्या, आणि ओळी खोडा सगळ्यात शेवटी.

लेख आजच्या लिनक्स कर्नलपुरता आहे. सी भाषा, म्यूटेक्स आणि स्पिनलॉकमधला फरक आणि कर्नल बांधण्याची सवय गृहीत धरली आहे. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून गावी बसून हे काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे नेट मोबाइलचं, वीज भरवशाची नाही आणि उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा. या तिन्ही गोष्टी कामाच्या निकालावर परिणाम करतात, त्यामुळे त्या त्या टप्प्यात त्यांचाही विचार केला आहे.

जुन्या पीडीएफ पुस्तकांवरून शिकत असाल तर एक लक्षात ठेवा. लॉक-कर्नल आणि अनलॉक-कर्नल या जोडीचा 'बिग कर्नल लॉक' २०११ मध्ये, २.६.३९ आवृत्तीत पूर्णपणे गेला. आयनोडचा, म्हणजे फाइल सिस्टिममधल्या प्रत्येक फाइलीच्या नोंदीचा, आय-म्यूटेक्स २०१६ मध्ये, ४.७ पासून, आय-आरडब्ल्यूसेम झाला. ज्या पुस्तकात हे नाही, त्यातले लॉकिंगचे नियम वापरू नका.

## टप्पा १: सोर्स, व्हीएम आणि तीन कर्नल

सोर्स. साधं गिट क्लोन मध्येच तुटलं तर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. मोबाइलच्या नेटवर यात दोन-तीन दिवसांचा डेटा वाया जातो. कर्नल डॉट ऑर्गवर संपूर्ण इतिहासाची क्लोन-बंडल नावाची एकच मोठी फाइल मिळते. ती विगेटला 'सी' पर्याय देऊन उतरवा. रेंज गेली तरी जिथे थांबली तिथून पुढे सुरू होते. बंडलवरून क्लोन करा, रिमोटचा पत्ता बदला, आणि वरचे नवे बदल तेवढे ओढून घ्या.

डेटा वाचतो म्हणून उथळ क्लोन, म्हणजे 'डेप्थ १' वापरणारे बरेच आहेत. या कामाला तो चालत नाही. लॉक कुणी, कधी, कशासाठी घातला हे गिट ब्लेममधूनच कळतं आणि उथळ क्लोनमध्ये इतिहासच नसतो. ब्लॉब गाळून केलेला क्लोनही नेट नसताना ब्लेमपाशी अडतो, कारण जुन्या फाइली तो मागाहून एकेक मागवतो.

व्हीएम. केमू आणि केव्हीएम पुरे. आभासी सीपीयू किमान ४ द्या. एका सीपीयूच्या व्हीएममध्ये दोन धागे खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालतच नाहीत, त्यामुळे कितीही चाचण्या पास झाल्या तरी त्यातून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. चाचणीसाठी १०-१० जीबीच्या दोन विरळ इमेज फाइली करा, एक टेस्ट आणि एक स्क्रॅच. सिरियल कन्सोल होस्टवरच्या फाइलीत वळवा. वीज गेली किंवा कर्नल गोठला तरी शेवटचा संदेश तिथे सापडतो.

तीन वेगळे कर्नल. हे एकाच कर्नलात भागत नाही:

- पहिला: प्रूव्ह-लॉकिंग (म्हणजे लॉकडेप, लॉक घेण्यातल्या चुका पकडणारा), डीबग-अ‍ॅटॉमिक-स्लीप (झोपायची मनाई असताना झोपलं तर ओरडणारा) आणि केसॅन, म्हणजे मोकळी केलेली मेमरी वापरली तर पकडणारा तपासनीस.
- दुसरा: केसीसॅन, म्हणजे डेटा रेस (एकाच डेटावर लॉकशिवाय एकाच वेळी होणारं वाचन-लेखन) पकडणारा. तो केसॅनसोबत चालू करता येत नाही, म्हणून त्याचा कर्नल वेगळा.
- तिसरा: कुठलाही डीबग पर्याय नसलेला, फक्त वेग मोजण्यासाठी.

जुन्या लॅपटॉपवर डेफकॉन्फिग घेऊन त्यावर केव्हीएम-गेस्टचा कॉन्फिग तुकडा चढवा, हवी ती फाइल सिस्टिम तेवढी चालू ठेवा आणि सीकॅश (आधी बांधलेलं जपून ठेवणारं साधन) वापरा. बांधणीचा वेळ बराच खाली येतो.

> तपासा: पहिला कर्नल सुरू झाल्यावर प्रॉकमधल्या लॉकडेप-स्टॅट्स फाइलीत 'डीबग-लॉक्स'समोर १ हवा. लॉकडेप पहिली तक्रार छापल्यावर स्वतःला बंद करतो. मग सुरुवातीलाच एखाद्या ड्रायव्हरची तक्रार आलेली असेल तर पुढची रात्रभराची चाचणी त्याने पाहिलेलीच नसते.

## टप्पा २: लॉकचा ताबा कशावर आहे ते लिहून काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सगळ्यात जास्त वेळही इथेच द्या. धुऱ्याला हात घालण्याआधी सातबारा आणि नकाशा पाहावा, तसं या लॉकचं आधी कागदावर आणायचं. वहीत चार रकाने आखा: कोणतं फील्ड, कोण लिहितं, कोण वाचतं, आणि त्या वेळी दुसरा कोणता लॉक हातात असतो.

शोध फील्डच्या नावाने घ्या, लॉकच्या नावाने नको. लॉकच्या नावाने शोधलं की लॉक घेणाऱ्याच जागा सापडतात. आपल्याला तर लॉक न घेता त्याच फील्डला हात लावणाऱ्या जागा हव्यात. सीस्कोप किंवा गिट ग्रेप, दोन्ही चालतात. फील्डचा पॉइंटर एखाद्या फंक्शनला दिला जात असेल तर त्या फंक्शनच्या आतपर्यंत जा.

'इथे आयनोडचा लॉक असतोच' असं लिहिण्याआधी पुढचे रस्ते एकेक करून तपासा. यांपैकी कुणीही त्या आयनोडचा आय-आरडब्ल्यूसेम धरून येत नाही:

- बायोचं (डिस्ककडे पाठवलेल्या वाचन-लेखनाच्या मागणीचं) एंड-आयओ कॉलबॅक. हे इंटरप्टच्या संदर्भात चालू शकतं. ते झोपू शकत नाही, त्यामुळे म्यूटेक्स घेऊच शकत नाही.
- एमएमॅप केलेल्या (मेमरीत जोडलेल्या) फाइलवरचा पेज फॉल्ट. ट्रंकेट आणि फॉल्ट यांच्यातली टक्कर टाळण्यासाठी मॅपिंगचा इनव्हॅलिडेट-लॉक आहे, ५.१५ पासून.
- राइटबॅक (मेमरीतला बदललेला डेटा डिस्कवर उतरवणं), म्हणजे राइटपेजेस आणि राइट-आयनोड.
- मेमरी कमी पडल्यावर श्रिंकरकडून होणारं इव्हिक्ट, म्हणजे आयनोड मेमरीतून काढून टाकणं.
- एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली देणाऱ्या व्यवस्थेने) फाइल हँडलवरून थेट आयनोड शोधणं. हा रस्ता डिरेक्टरीतून येतच नाही.
- तुमच्याच फाइल सिस्टिमचे वर्कक्यू, टायमर, आणि सिसएफएस किंवा प्रॉकमधल्या नोंदी वाचणारे.

एक खरं उदाहरण घ्या. कर्नलमधल्या बीएफएस या छोट्या फाइल सिस्टिममध्ये डिरेक्टरी एकच असते, रूट. नवी फाइल बनवताना आणि काढताना व्हीएफएसने (साऱ्या फाइल सिस्टिमच्या वर असलेल्या कर्नलच्या सामायिक थराने) रूटचा लॉक एकट्यासाठी धरलेलाच असतो. तरी आत बीएफएस-लॉक नावाचा म्यूटेक्स पुन्हा घेतला जातो. वरवर पाहणाऱ्याला तो शंभर टक्के फालतू वाटेल. पण रकाने भरायला घ्या. तोच म्यूटेक्स ब्लॉक वाटणाऱ्या गेट-ब्लॉकमध्ये आहे. तिथे फाइल लिहिली जात असते आणि डिरेक्टरीचा लॉक कुणाकडेच नसतो. इव्हिक्ट-आयनोडही तो घेतं, आणि तिथेही डिरेक्टरीचा लॉक नसतो. म्हणजे हा म्यूटेक्स एका डिरेक्टरीचा नाही, साऱ्या फाइल सिस्टिमच्या हिशेबाचा आहे. डिरेक्टरीचा लॉक त्याची जागा घेऊ शकत नाही.

सराव करायला बीएफएस, मिनिक्स, अ‍ॅफ्स अशाच लहान फाइल सिस्टिम चांगल्या. पूर्ण कोड दोन दिवसांत वाचून होतो. एक्सटी४ किंवा एक्सएफएसपासून सुरुवात करू नका.

> सावधान: वहीतला एकही रकाना 'बहुतेक' या शब्दाने भरलेला असेल तर पुढच्या टप्प्यावर जायचं नाही.

## टप्पा ३: डेटा राखण्यापलीकडची लॉकची छुपी कामं

फील्ड एकच आणि ते तर एका शब्दाचं, मग लॉक कशाला, असा प्रश्न पडतो. पण लॉक आणखीही कामं गुपचूप करत असतो.

वाट पाहणं. कधीकधी लॉक घेऊन लगेच सोडलेला दिसतो, मधे एकही ओळ नाही. हा बहुधा विसरलेला कचरा नसतो. आधी जो कुणी लॉकच्या आत होता तो बाहेर पडेपर्यंत थांबण्यासाठी तो घातलेला असतो आणि पुढच्याच ओळीत काहीतरी केफ्री, म्हणजे मोकळं, होत असतं. अशी रिकामी जोडी काढली की अनमाउंटच्या वेळी मोकळी मेमरी वापरली जाते.

क्रम. एका सीपीयूने आधी डेटा भरला आणि मग 'तयार' असं चिन्ह लावलं, तरी दुसऱ्याला चिन्ह आधी दिसू शकतं. लॉकमुळे हा क्रम आपोआप पाळला जातो. लॉक काढायचा असेल तर लिहिणाऱ्याकडे एसएमपी-स्टोअर-रिलीज आणि वाचणाऱ्याकडे एसएमपी-लोड-अ‍ॅक्वायर, असं दोन्हीकडे हवं. एकाच बाजूला घातलेला बॅरियर निरुपयोगी असतो.

आयुष्य. लॉक हातात आहे तोवर ती वस्तू कुणी मोकळी करणार नाही, एवढाच कधी त्याचा उपयोग असतो. लॉक काढला तर रेफरन्स काउंट (किती जण वापरताहेत तो आकडा) किंवा आरसीयू (वाचणारे संपेपर्यंत मोकळं करणं लांबवणारी पद्धत) लागणारच.

जोडी. दोन फील्ड मिळून एक अर्थ होत असेल, उदाहरणार्थ सुरुवात आणि लांबी, तर प्रत्येकाला सुटं रीड-वन्स (फील्ड एकदाच, अखंड वाचायला लावणारं) लावून भागत नाही. जुनी सुरुवात आणि नवी लांबी अशी भेसळ वाचली जाते. इथे लॉक ठेवा, किंवा सीक्वेन्स काउंटर (मधे बदल झाला तर वाचणाऱ्याला पुन्हा वाचायला लावणारा आकडा) वापरा.

## टप्पा ४: व्हीएफएसने आधीच काय धरलंय ते जुळवा

तुमच्या आवृत्तीच्या डॉक्युमेंटेशन फोल्डरमध्ये फाइलसिस्टिम्सखाली लॉकिंग आणि पोर्टिंग असे दोन दस्तऐवज आहेत. नेटवरचे लेख बाजूला ठेवून तेच वाचा, आणि ज्या झाडावर काम करताय त्याच झाडातले. त्यातलं नेहमी लागणारं असं:

- क्रिएट, मेकडिर, मेकनोड, सिमलिंक: पालक डिरेक्टरीचा लॉक एकट्यासाठी.
- लिंक, अनलिंक, आरएमडिर: डिरेक्टरी आणि तो आयनोड, दोन्ही एकट्यासाठी.
- लुकअप आणि इटरेट-शेअर्ड: डिरेक्टरीचा लॉक सामायिक.
- सेटअ‍ॅटर: आयनोडचा लॉक एकट्यासाठी.
- गेटअ‍ॅटर, परमिशन, गेट-लिंक, फिमॅप: काहीही धरलेलं नाही. परमिशन आणि गेट-लिंक तर आरसीयू-वॉकमध्ये (लॉक न घेता पाथ शोधताना), झोपायची मनाई असतानाही येऊ शकतात.
- राइट-इटर, एफसिंक, फॅलोकेट: व्हीएफएस आयनोडचा लॉक धरत नाही, हवा तर फाइल सिस्टिमने घ्यायचा.
- पुट-सुपर (अनमाउंटच्या वेळची आवराआवर), फ्रीझ: एस-युमाउंट (माउंट केलेल्या फाइल सिस्टिमचा लॉक) एकट्यासाठी. सिंक-एफएस: एस-युमाउंट सामायिक.

'सामायिक' या शब्दाकडे दुर्लक्ष करणं ही फार वेळा होणारी चूक आहे. एकाच डिरेक्टरीत दोन वेगळ्या नावांचे लुकअप एकाच वेळी चालतात. त्याच क्षणी तिसरा कुणी तीच डिरेक्टरी वाचतही असू शकतो. एकाच नावाचे लुकअप व्हीएफएस रांगेत लावतो, पण तेवढंच. डिरेक्टरीच्या खाजगी स्ट्रक्टमध्ये तुम्ही लुकअपमधून काही लिहीत असाल, एखादा छोटा कॅश किंवा 'मागची सापडलेली जागा', तर त्याला स्वतःचा लॉक लागतोच.

## टप्पा ५: खोडण्याआधी असर्ट लावा

आता कोडला पहिला हात लावायचा, पण लॉक तसाच ठेवून. ज्या बाहेरच्या लॉकच्या भरवशावर आतला काढणार आहात, त्याचा लॉकडेप-असर्ट-हेल्ड (तो लॉक धरलेला नसेल तर ओरडणारी तपासणी) फील्डला हात लावणाऱ्या प्रत्येक जागी घाला. एकट्यासाठी धरलेला हवा असेल तर शेवटी 'राइट' असलेला असर्ट वापरा. साधा असर्ट सामायिक लॉकवरही समाधानी होतो आणि खरी चूक झाकली जाते.

आयनोड-इज-लॉक्ड वापरू नका. लॉक कुणीतरी धरलाय एवढंच ते सांगतं. तो तुम्हीच धरलाय का, याचं उत्तर त्यात नाही.

असर्टसह पहिल्या कर्नलवर पूर्ण चाचणी चालवा. एखादा असर्ट पेटला तर दोन शक्यता आहेत. एक, वहीत एक रस्ता सुटलाय. टप्पा २ ला परत जा. दुसरी, लॉक धरणाऱ्याने काम वर्कक्यूकडे देऊन स्वतः वाट पाहणं सुरू ठेवलंय. तेव्हा लॉक एका टास्ककडे आणि काम दुसऱ्याकडे असतं. ही रचना बरोबर असूनही असर्ट ओरडतो. तिथे असर्ट गुपचूप काढून टाकू नका; काम देणाऱ्या फंक्शनमध्ये वर सरकवा आणि कारण कॉमेंटमध्ये लिहा.

> तपासा: लॉकडेप बंद असलेल्या कर्नलात हे असर्ट काहीच करत नाहीत. 'एकही पेटला नाही' यावर विश्वास ठेवण्याआधी एखाद्या जागी मुद्दाम चुकीचा असर्ट घालून तो पेटतो का पाहा.

## टप्पा ६: आधीचं मोजमाप

लॉक-स्टॅट चालू असलेला कर्नल बांधा, प्रॉकमधल्या लॉक-स्टॅट फाइलीत ० लिहून जुने आकडे पुसा, भार चालवा आणि आपल्या लॉकची ओळ वाचा. किती वेळा घेतला आणि किती वेळा वाट पाहावी लागली, हे दोन रकाने आधी पाहा. वाट पाहण्याचा आकडा नगण्य असेल तर लॉक काढून वेग वाढणार नाही. तरीही काढायला हरकत नाही. कोड सोपा होतो, डेडलॉकची एखादी शक्यता जाते. फक्त पॅचमध्ये वेगाचा दावा करू नका.

वेग मोजायचा तो तिसऱ्या, डीबग नसलेल्या कर्नलवर. विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत दुपारी लॅपटॉप तापून आपोआप सीपीयूच्या घड्याळाचा वेग उतरवतो, आणि 'आधी'चं मोजमाप सकाळी, 'नंतर'चं दुपारी झालं तर चांगला बदलही वाईट दिसतो. सीपीयूचा वेग ठरवणारा गव्हर्नर परफॉर्मन्सवर ठेवा, टर्बो बंद करा, आणि जुना-नवा कर्नल आळीपाळीने चालवा. वीज गेली की पुष्कळ लॅपटॉप बॅटरीवर वेग आखडतात. त्या वेळचे आकडे टाकून द्या.

## टप्पा ७: काढण्याचा क्रम, सोप्याकडून अवघडाकडे

प्रत्येक पायरी वेगळी कमिट. प्रत्येक कमिटवर कर्नल बांधता आणि चालवता आला पाहिजे, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याला (बिघाड कोणत्या कमिटने आला ते शोधणाऱ्याला) त्रास.

७.१ अजून कुणाला दिसतच नाही अशी वस्तू. फिल-सुपरमध्ये (माउंट होताना) नवा स्ट्रक्ट भरताना घेतलेला लॉक बहुधा फालतू असतो. पण 'प्रकाशनाची ओळ' शोधा: लिस्ट-अ‍ॅड, डी-इन्स्टॅन्शिएट, आयनोड हॅशमध्ये टाकणं, सिसएफएसची नोंद, वर्क सुरू करणं. त्या ओळीच्या वरचा लॉक काढा, खालचा नाही.

७.२ शेवटची आवराआवर. पुट-सुपरपर्यंत येईतो आयनोड रिकामे झालेले असतात. इथला लॉक नुसता फालतू नाही, घातकही ठरू शकतो. लॉक धरून कॅन्सल-वर्क-सिंक बोलावलं आणि तो वर्कही तोच लॉक मागत असेल, तर दोघंही कायमचे अडकले. आधी वर्क आणि टायमर थांबवा, मग लॉक काढा.

७.३ बाहेरचा लॉक असताना आतला. टप्पा ५ चे असर्ट शांत राहिले तरच. असर्ट कोडमध्येच ठेवा. पुढे कुणी नवा रस्ता जोडला तर तेच त्याला अडवतील.

७.४ एकच शब्द वाचण्यासाठी घेतलेला लॉक. मोकळ्या ब्लॉकचा आकडा लॉकमध्ये वाचला तरी लॉक सोडताक्षणी तो जुना झालेला असतो. इथे रीड-वन्स पुरतं. लिहिणारे मात्र लॉकमध्येच राहू द्या, कारण आकडा एकने वाढवणं ही वाचणं, वाढवणं, लिहिणं अशी तीन कामं आहेत. लिहिणाऱ्याकडे राइट-वन्स लावा. फील्ड ६४ बिटांचं असेल तर ३२ बिट यंत्रावर ते दोन तुकड्यांत वाचलं जातं. तिथे ही युक्ती चालत नाही. फाइलीच्या आकारासाठी आय-साइझ-रीड आहे, पण आय-साइझ-राइटभोवतीचा लॉक काढू नका. ३२ बिट बहुसीपीयू यंत्रावर सीक्वेन्स काउंटर बिघडतो आणि वाचणारा अनंत काळ फिरत राहतो.

७.५ लॉक आखूड करणं. पूर्ण काढता येत नसेल तर मेमरी मागणं, डिस्क वाचणं त्याच्या बाहेर न्या. बाहेर नेल्यावर आत परत येताना परिस्थिती बदललेली असू शकते. आधी केलेली तपासणी लॉक घेतल्यावर पुन्हा करा. हे विसरलं की एकच ब्लॉक दोघांना वाटला जातो.

७.६ आरसीयू, आणि तेही खरंच गरज असेल तर. आरसीयू-वॉकमध्ये पोचता येणारी गोष्ट इव्हिक्टमध्ये लगेच मोकळी करू नका, ५.२ पासून त्यासाठी फ्री-आयनोड हे ऑपरेशन आहे, ते ग्रेस पिरियडनंतर, म्हणजे आधीचे वाचणारे संपल्यावर, चालतं. सिमलिंकचा मजकूर आय-लिंकमध्ये ठेवणाऱ्यांनी हे आवर्जून पाहावं. मॉड्यूल उतरवताना स्लॅब कॅश नष्ट करण्याआधी आरसीयू-बॅरियर हवाच.

## टप्पा ८: चाचणी

एक्सएफएसटेस्ट्स वापरा; नाव तसं असलं तरी ते इतर फाइल सिस्टिमवरही चालतं. न बदललेल्या कर्नलवर आधी एक फेरी करून कोणत्या चाचण्या मुळातच फेल होतात ते नोंदवा. लहान फाइल सिस्टिममध्ये अशा बऱ्याच असतात, आणि ही यादी नसली की नंतर आपल्या चुका त्यांत मिसळून जातात.

क्विक गट, मग ऑटो गट. त्यानंतर जेनेरिक ०१३ आणि ४७६ (एफएस-स्ट्रेस), ०६८ (भार चालू असताना फ्रीझ-थॉ) आणि तुमच्या फाइल सिस्टिमला लागू असेल तर ४७५ (डिस्कने मधेच त्रुटी दिल्यावर सावरण्याची), एवढ्या चाचण्या 'आय' पर्यायाने रात्रभर पुन्हा पुन्हा. जोडीला माउंट-अनमाउंटचं वेगळं चक्र चालवा. टप्पा ३ मधली रिकामी जोडी काढल्याची चूक तिथेच सापडते.

केसीसॅनच्या कर्नलात 'प्लेन राइट अ‍ॅटॉमिक मानणे' हा पर्याय मुळात चालू असतो. तो बंद करा, नाहीतर नेमक्या आपल्या कामाच्याच रेस तो गाळून टाकतो. तक्रार आली की लगेच रीड-वन्स चिकटवून गप्प करू नका. वहीतला रकाना पुन्हा वाचा. रेस निरुपद्रवी आहे हे शब्दांत लिहिता येत असेल तरच खूण लावा.

३२ बिट कर्नल बांधून क्विक गटाची एक फेरी तिथेही करा. फार थोडे जण करतात.

> सावधान: चाचणी चालू असताना होस्टची वीज गेली तर दोन्ही इमेज फाइली फेकून नव्याने फॉरमॅट करा. त्या इमेजवर एफएससीके (फाइल सिस्टिम तपासणारं साधन) दाखवेल तो बिघाड तुमच्या पॅचचा आहे की विजेचा, हे ठरवता येणार नाही.

## टप्पा ९: पॅचचं वर्णन आणि पाठवणं

'अनावश्यक लॉक काढला' एवढं वर्णन पुरत नाही. वहीतलंच लिहा: हा लॉक कोणती फील्ड राखत होता, आता ती कोणत्या लॉकखाली आहेत, कोणते रस्ते तपासले (एंड-आयओ, फॉल्ट, राइटबॅक, इव्हिक्ट, एनएफएस, प्रत्येकाला एक वाक्य), कोणत्या चाचण्या कोणत्या कॉन्फिगवर चालवल्या, आणि वेगाचा दावा असेल तर दोन्ही बाजूंचे आकडे. चेकपॅच स्क्रिप्ट चालवा, गेट-मेंटेनरने पत्ते काढा, साइन्ड-ऑफ-बाय विसरू नका. असर्टची कमिट आधी आणि खोडण्याची नंतर, अशीच मालिका पाठवा, म्हणजे तपासणाऱ्याला फक्त असर्ट लावूनही खात्री करून घेता येते.

तपासणाऱ्याने एखादा सुटलेला रस्ता दाखवला तर तेवढ्या जागी नवा लॉक ठोकून दुसऱ्या दिवशी परत पाठवू नका. तो रस्ता वहीत घाला, टप्पा ५ पासून पुन्हा चालवा, आणि पूर्ण मालिका 'व्ही २' म्हणून पाठवा. काय बदललं ते तीन डॅशच्या ओळीखाली लिहा. ती ओळ आणि तिच्याखालचा मजकूर गिटच्या इतिहासात जात नाही. पण असर्टच्या जागा बदलल्या असतील तर त्याचं कारण त्या ओळीच्या वर, मुख्य वर्णनातच हवं.